डबा नको, साचा बघा: प्लास्टिकच्या मोटारगाड्यांचं किट पारखायची रीत

पेटीवर ‘देवगड’ लिहिलंय म्हणून आतला आंबा देवगडचाच असेल असं नाही, हे मार्केट यार्डात दोनदा फसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मोटारगाड्यांच्या किटांचंही, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या छोट्या प्लास्टिकच्या गाड्यांचंही, तसंच आहे. “तामिया चांगलं की रेव्हेल?” असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, “कुठली गाडी? साचा कधीचा?” समोरच्याला वाटतं, हा शिष्टपणा करतोय. पण या प्रश्नाला दुसरं प्रामाणिक उत्तरच नाही. एकाच कंपनीच्या दोन डब्यांतल्या साच्यांत चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं, आणि दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या रंगीत डब्यांत एकाच साच्यातून निघालेली गाडी असू शकते.

म्हणून ब्रँडची तुलना करायची तर आधी साच्याची करायची. मी ती कशी करतो ते क्रमाने सांगतो. ब्रँडांवर शेवटी येऊच.

पायरी १: साच्याची जन्मतारीख शोधा

किटचे भाग पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरून तयार होतात. साचा बनवणं फार महाग असतं, त्यातून भाग काढणं त्यामानाने स्वस्त. त्यामुळे एकदा केलेला साचा कंपनी दशकानुदशकं वापरते, भाड्याने देते, विकते. कंपनी बुडाली तरी साचा जिवंत राहतो. अमेरिकेतल्या एएमटी आणि एमपीसी या एके काळच्या स्वतंत्र कंपन्या; आज ही दोन्ही नावं इंडियानातल्या राउंड टू या एकाच कंपनीकडे आहेत. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ मध्ये एकत्र आल्या, म्हणून मोनोग्रामच्या जुन्या साच्यातल्या गाड्या रेव्हेलच्या डब्यात मिळतात. इटलीच्या एस्कीचे साचे इटालेरीकडे गेले.

डब्यावर छापलेल्या सालावर जाऊ नका. ते बहुतेक वेळा त्या छपाईचं किंवा मोटार कंपनीने दिलेल्या परवान्याचं साल असतं. तीन ठिकाणी बघा. पहिलं, चॅसीची खालची बाजू किंवा स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला चिकटून येतात ती प्लास्टिकची चौकट. तिथे बारीक उठावाच्या अक्षरांत साल असतं. किट विकत घ्यायच्या आधी हे दिसत नाही, पण कुणी ना कुणी डबा उघडून स्प्रूचे फोटो टाकलेले असतात. दुसरं, स्केलमेट्स ही साइट. तिथे एकेका किटची वंशावळ काढून ठेवलेली आहे: पहिल्यांदा कधी आलं, पुढे कोणाच्या डब्यात गेलं, कधी नवे भाग जोडले. तिसरं, किटचा क्रमांक. तामियाच्या १/२४ मोटारगाड्यांचे क्रमांक २४ ने सुरू होऊन ढोबळमानाने काळाप्रमाणे चढत जातात. निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३२ चा क्रमांक २४०९०, आर३४ व्ही-स्पेकचा २४२१०, तर २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा जीआर८६ चा २४३६१. नुसत्या आकड्यावरून अंदाज येतो. मात्र काही जुने साचे नव्या क्रमांकाने परत येतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

मी हे सगळं शिकलो ते पैसे घालवून. एका नावाजलेल्या ब्रँडचा चकचकीत नवा डबा घेतला. आत निघाला माझ्या वयाचा साचा, आणि दोन्ही दारांच्या कडांना बोटभर प्लास्टिकच्या झालरी. दोष कंपनीचा नव्हता, डब्यावर ‘नवीन साचा’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मीच ते गृहीत धरलं होतं.

पायरी २: व्हर्निअर काढा

मोटारगाड्यांत १/२४ आणि १/२५ अशी दोन जवळजवळची प्रमाणं आहेत. जपान आणि युरोप बहुतांशी १/२४ वर, अमेरिका १/२५ वर. फरक किरकोळ वाटतो, पण चार मीटरची गाडी पहिल्यात १६.७ सेंटिमीटर होते आणि दुसऱ्यात १६. कपाटात शेजारी ठेवल्या की डोळ्यांना खटकतं.

आकार नीट उतरलाय का, हे तपासायला फोक्सवॅगन बीटलइतकी सोयीची गाडी नाही. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४०० मिलिमीटर. म्हणजे १/२४ मध्ये बरोबर १०० आणि १/२५ मध्ये ९६. तामिया, हासेगावा आणि रेव्हेल या तिघांनीही १/२४ मध्ये बीटल काढली आहे. तुमच्या हाती कुठलीही येवो, व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावायचा आणि १०० येतात का बघायचं. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा व्हीलबेस कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो, तो २४ ने भागायचा. आर३२ जीटी-आरचा २६१५, म्हणजे १०९ च्या आसपास.

अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर सोडून द्या. खऱ्या गाडीत तो १२ मिलिमीटर होतो आणि तो कुणालाच दिसत नाही. दिसतात ते छपराची उंची, पुढच्या काचेचा कल आणि चाकावरची कमान. यांना व्हर्निअर पुरत नाही. खऱ्या गाडीचा अगदी बाजूने, लांबून काढलेला फोटो शोधायचा. मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, तो चालत नाही. बॉडीचाही फोटो तसाच लांबून झूम करून काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. नापास होणारं किट इथेच कळतं.

पायरी ३: दोष मोजू नका, दोषांची जात ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नवखा माणूस स्प्रू हातात घेतो, कडेला झालर दिसली की “क्वालिटी खराब” म्हणून मोकळा होतो. झालर, म्हणजे फ्लॅश, हा सगळ्यात निरुपद्रवी दोष आहे. साचा झिजला की त्याच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत प्लास्टिक शिरतं. ब्लेडची पाती हलक्या हाताने फिरवली की गेलं. माझा नियम असा: जे घरी दुरुस्त होतं त्याचे गुण कमी कापायचे, जे होत नाही त्याचे जास्त.

सहज दुरुस्त होणाऱ्यांत फ्लॅशबरोबर साच्याची शिवण येते. गाडीच्या बॉडीचा साचा चारही बाजूंनी सरकून उघडणारा असतो, त्यामुळे फेंडरवर, छपराच्या खांबांवर बारीक रेघ राहतेच. ती अगदी महागड्या किटातही असते. ८०० आणि मग १२०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून मारला की जाते. रंग देण्याआधी मारायला विसरलात तर मात्र चकचकीत रंगाखाली ती जन्मभर दिसत राहील. भाग साच्यातून ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा आणि जाड भागावर प्लास्टिक आकसून पडलेले खड्डे पुट्टीने भरतात. खूण कुठे आहे एवढं मात्र बघा. सीटच्या मागे असेल तर हरकत नाही. दाराच्या आतल्या नक्षीवर मधोमध असेल, तर साचा करणाऱ्याने विचार केलेला नाही, आणि असा माणूस पुढेही कुठेतरी घोटाळा करून ठेवतोच.

अर्धवट दुरुस्त होणारे दोष दोन. पहिला दारं-बॉनेटच्या उथळ रेषा. हिशेब करा: खऱ्या गाडीत दाराची फट चारेक मिलिमीटर, १/२४ मध्ये ती ०.१७ भरते. प्रायमर, रंग आणि वार्निश चढलं की उथळ रेषा बुजून जाते. म्हणून रंगाआधी त्या रेषा सुईने किंवा स्क्राइबरने, म्हणजे रेषा कोरायच्या हत्याराने, खोल करायच्या. जमतं, पण हात घसरला की फेंडरवर ओरखडा. दुसरा क्रोम. काही किटांत बंपर आणि चाकं अशी चकाकतात, जणू लग्नाच्या मांडवातली झालर. खऱ्या क्रोमच्या मानाने तो मुलामा जाड असतो, बारीक तपशील त्याखाली गाडले जातात, आणि भाग स्प्रूवरून कापला की तिथे उघडं प्लास्टिक दिसतं. धुण्याच्या ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, भाग बुडवून ठेवले की मुलामा उतरतो, मग आपला रंग द्यायचा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि त्या ब्लीचमध्ये चुकूनही बाथरूम साफ करायचं ॲसिड पडू देऊ नका. विषारी वायू होतो.

आता ज्यांना औषध नाही ते. काच लहरीदार असेल, आरपार बघताना खिडकीची चौकट वाकडी दिसत असेल, तर ते किट माझ्या लेखी अर्धं गेलं. ओरखडे २००० च्या वॉटर पेपरने आणि पॉलिशिंग कंपाउंडने निघतात. जाडीतली लहर निघत नाही. बॉडीला पीळ पडलेला असेल आणि तो थोडा असेल, तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, धरून सरळ होतो. जास्त असेल तर चारही चाकं कधीच एकदम टेबलाला टेकणार नाहीत. आणि छपराचा आकारच चुकला असेल तर काही करू नका. किट मित्राला भेट द्या.

डेकलांबद्दल, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांबद्दल, फार डोकं शिणवू नका. रेसिंगच्या गाड्यांत ते महत्त्वाचे असतात. इटलीच्या कार्टोग्राफने छापलेले असतील तर डब्यावर किंवा पत्रकावर तसं नाव येतं, आणि ते पातळ, नेमके असतात. जुन्या साठ्यातले डेकल पिवळे पडले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात खिडकीच्या काचेला चिकटवा. पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही.

पायरी ४: गोंदाआधी जोडून बघा

स्प्रूवरून चारच गोष्टी कापा: चॅसी, आतला तळ म्हणजे सीटं बसतात तो टब, पुढची काच आणि डॅशबोर्ड. मास्किंग टेपने नुसतं धरून ते बॉडीत बसवा. याला ड्राय फिट म्हणतात, आणि वीस मिनिटांच्या या उद्योगातून जे कळतं ते कुठल्याही परीक्षणातून कळत नाही. चॅसी आत सरकताना बॉडी फाकवावी लागते का? थोडी लागणारच. बसल्यावर खालची कड सगळीकडे समान राहते का? काच चौकटीत आपोआप बसते की बोटाने दाबून धरावी लागते? दाबून धरावी लागणारी काच गोंद सुकताना सुटते, आणि तेव्हा माणूस घाईने फेविक्विककडे धावतो. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं चढतं. काचेला कायम पांढरा गोंद, फेव्हिकॉलच्या जातीचा. उरलेला ओल्या फडक्याने पुसता येतो.

आता टेप काढू नका, चाकं लावा आणि समोरून बघा. अनेक किटांत गाडी ट्रॅक्टरसारखी उंच उभी राहते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच जपानी किटांत मोटर आणि बॅटरी बसवायची सोय होती, त्यासाठी आतला तळ उथळ केलेला असायचा आणि सीटं खुजी. मोटर पुढे काढली, तळ तसाच राहिला. डब्यावरच्या फोटोत हे कळत नाही.

पायरी ५: आता ब्रँड

जपानचं प्रकरण शिझुओका या एका प्रांताचं आहे. तामिया, आओशिमा, फुजिमी शिझुओका शहरातल्याच, हासेगावा त्याच प्रांतातल्या शेजारच्या याइझूची. दरवर्षी मे महिन्यात तिथे हॉबी शो भरतो. तिथली मूळ परंपरा लाकूडकामाची. तामियाही १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातच सुरू झाली, आधी लाकडी मॉडेलं केली आणि मग प्लास्टिककडे वळली.

तामियाचं बलस्थान एकच, पण मोठं: भाग बसतात. १/१२ पोर्शे ९३४ साठी त्यांनी खरी ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती, हा किस्सा या छंदात सगळ्यांना पाठ आहे. आजच्या त्यांच्या किटांत आकृत्या स्वच्छ, बोधचिन्हांसाठी धातूचे ट्रान्सफर, आणि काचा रंगवताना झाकायला मापाचे मास्क छापलेले असतात. खटकतं ते इंजिनाचं. नव्या किटांपैकी बऱ्याचशांत बॉनेट उघडत नाही. लाफेरारीत सगळं मिळतं, पण तो अपवाद. पहिलं किट घेणाऱ्याला मी डोळे झाकून त्यांची २००० नंतरची कुठलीही रस्त्यावरची गाडी सांगतो.

हासेगावा माझी आवडती, त्यामुळे जरा पक्षपात होईल. लॅम्बोर्गिनी मिउरा, लान्शिया स्ट्रॅटोस, बीएमडब्ल्यू २००२, टोयोटा २०००जीटी. गाड्यांची निवडच रसिकाची आहे. बॉडीवरच्या रेषा बारीक आणि खोल. इंजिन सहसा नाही, किंमत चढी.

फुजिमीचं कौतुक आणि तक्रार एकाच मालिकेबद्दल करावी लागते. ऐंशीच्या दशकातल्या ‘एन्थुझियास्ट’ मालिकेतल्या पोर्शे ९११ आणि डिनो यांत इंजिनापासून आतल्या पत्र्यापर्यंत इतका तपशील आहे की आजही थक्क व्हावं. पण सुटे भाग ढीगभर, आणि प्रत्येक जोड तुमच्या संयमाची परीक्षा बघतो. दुसऱ्या टोकाला फुजिमीचीच साधी किटं आहेत, जिथे वेगवेगळ्या गाड्यांखाली एकसारखीच चॅसी सापडते.

आओशिमाचंही तसंच. पगानी हुआयरासारखं आधुनिक किट दर्जेदार, जुनं किट मोटरवाल्या काळातलं. मात्र त्यांची १/३२ ची स्नॅप किटं घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर जरूर घ्या. भाग रंगीत, गोंद नको, ब्रश नको. त्यात जिम्नीही आहे, आणि ती आपल्या रस्त्यावर दिसत असल्यामुळे मुलाला लगेच ओळखू येते.

रेव्हेल म्हणजे खरं तर दोन घराणी: एक मूळ अमेरिकी, दुसरं जर्मनीतल्या ब्युंडे गावचं. जर्मन बाजूच्या नव्या साच्यांत फोक्सवॅगनची सांबा बस, लँड रोव्हर सिरीज थ्री आणि जॅग्वार ई-टाइप ही किटं पैशाच्या मानाने फार चांगली आहेत. त्याच दुकानात, तशाच डब्यात, जुना मोनोग्रामचा साचाही मिळेल. म्हणून पहिली पायरी रेव्हेलला सगळ्यात जास्त लागू. डबा दोन्ही टोकांनी उघडणारा, पातळ पुठ्ठ्याचा, कुरिअरमध्ये चेपतो. रंगांचे क्रमांक त्यांच्या स्वतःच्या रंगांचे. तक्ता शोधून दुसऱ्या कंपनीच्या रंगाशी जुळवून घ्यावे लागतात.

एएमटी आणि एमपीसीकडे जपानी चष्म्यातून बघू नका. एका डब्यात एकाच गाडीचे तीन अवतार, मूळ, शर्यतीचा आणि सजवलेला, करता यावेत अशी ती कल्पना. इंजिन असतंच, जादा भाग भरपूर उरतात. फ्लॅश, जाड क्रोम, लोखंडी दांड्याचा ॲक्सल हे सगळं येतं. साठच्या दशकातली अमेरिकी गाडी तेव्हाच मोजून केलेल्या साच्यातून मिळते, हा त्याचा खरा मोबदला. तीच आवड पण कमी कष्ट हवे असतील तर मोबियसची हडसन हॉर्नेट किंवा क्रायस्लर ३०० बघा. साचे या शतकातले.

बाकीच्यांचं थोडक्यात. रॅलीसाठी बेल्जियमची बेलकिट्स. फोर्ड मॉडेल टी हवी असेल तर युक्रेनची आयसीएम. १/१२ ची फोर्ड जीटी४० घेऊन दिवाणखाना भरायचा असेल तर चीनची मेंग. इटालेरीचं नाव मी ट्रकांसाठी घेतो, मोटारगाड्यांत साचा बघून ठरवतो.

पायरी ६: खिसा आणि हवा

दोन किटांच्या किमतीची तुलना करताना पोस्टेज आणि कस्टम्स धरूनच आकडा मांडा. परदेशातून एकच किट मागवलं की वाहतूक कधीकधी किटाला गाठते. दोघा-तिघांनी मिळून मागवा. स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, तेव्हा ‘अमुक कंपनीचा अमुक स्प्रे’ असं पत्रकात लिहिलं असेल तर तो इथे मिळतो का, हे आधी बघा. नाहीतर ऑटोपेंटच्या दुकानातला रंग एअरब्रशने मारता येतो, पण त्याचा कडक थिनर पॉलिस्टायरीन खातो. आधी प्रायमर, मग धुक्यासारखे पातळ थर, आणि पहिला प्रयोग उरलेल्या स्प्रूवर. लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग द्यायचा असेल तर प्रायमर दोनदा, कारण लाल वर झिरपतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत लॅकर मारू नका. दमट हवेत रंगावर पांढरट साय धरते, आणि लोक शिव्या किटाला देतात.

घेतलेलं किट लगेच करणार नसाल, आणि आपल्यापैकी कोण करतं, तर डबा माळ्यावर टाकण्याआधी टायर बाहेर काढा. जुन्या अमेरिकी किटांतल्या मऊ व्हिनाइल टायरमधलं रसायन प्लास्टिकच्या चाकाला आणि शेजारच्या काचेला वितळवतं, आणि मे महिन्यात माळ्यावर जी भट्टी पेटते तिथे ते अजून लवकर होतं. टायर वेगळ्या छोट्या पिशवीत, काचा वेगळ्या पिशवीत, आणि डब्याच्या झाकणावर आतून पेन्सिलीने साच्याचं साल.